जंगलवाले आणि माझा गोडाचा नियम

माझ्या आयुष्यातलं पहिलं खणखणीत ‘नाही’ मी तोंडात गुळाचा खडा असताना म्हटलं. त्याआधी मी नाही म्हणत नव्हते असं नव्हे, पण ते सगळे आडून दिलेले नकार होते. डोकं दुखतंय, उद्या पेपर आहे, वहीच सापडत नाही, असले. घरात माझी ख्याती हट्टी म्हणून होती आणि अजूनही आहे. मुलगा असते तर करारी म्हटलं असतं, पण ते असो. परवाच सून कुणाला तरी फोनवर सांगत होती, ‘आमच्या आई एकदा नाही म्हणाल्या की विषय संपला.’ मला ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण हे ‘नाही’ मी जन्माला येताना घेऊन आले नव्हते. ते मी कमावलं, आणि कमावताना मदत झाली ती विलायतेतल्या काही फुटबॉलवाल्यांची. त्यांतल्या एकालाही मी कधी समोर पाहिलं नाही, आणि कारंजा नावाचं गाव जगात आहे याची त्यांना खबरही नव्हती. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

आमचं घर कारंज्यात जैन मंदिराच्या गल्लीत. बाबांची धान्याची अडत होती. सकाळी मंदिरातली घंटा, मग मार्केटकडे निघालेल्या कापसाच्या बैलगाड्यांचा खडखडाट, मग जिनिंगचा भोंगा, या क्रमानं आमचा दिवस उजाडे. देवदर्शन झाल्याशिवाय कुणाच्या तोंडात घास जात नसे, आणि दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलेली असत. त्यामुळे संध्याकाळी आमच्या घरात एक विलक्षण रिकामा वेळ उरायचा. गल्लीतल्या दुसऱ्या टोकाला फोडणीचा वास सुटलेला असायचा, कांदा-लसणाची ती फोडणी आम्हाला वर्ज्य, आणि मी मात्र खिडकीत उभी राहून ती नाक भरून घ्यायची. आमच्याकडे मुगाच्या वड्यांची भाजी, ताकातली कढी, ज्वारीची भाकर आणि सणाला पुरण. आईच्या हातची कढी अशी की तिच्यात कशाची उणीव आहे हे कुणाला सुचू नये. आई फार बोलत नसे. घरात बोलायचं काम जिजीकडे होतं.

जिजी म्हणजे बाबांची थोरली बहीण. अगदी लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेली, आणि तेव्हापासून घराची न्यायाधीश. ती नियमांवर जगत होती. आमच्यात नियम घेणं म्हणजे देवापुढे किंवा साधूंपुढे हात जोडून एखादी गोष्ट सोडणं. कुणी भेंडी वर्षभर सोडतं, कुणी गादी सोडतं, कुणी एखादी गोष्ट घडेपर्यंत तूप सोडतं. जिजीनं इतकं काय काय सोडलं होतं की तिचं ताट वाढताना आई मनात उजळणी करायची. एकदा घेतलेला नियम दुसऱ्यानं मोडायला लावणं हे मोडण्यापेक्षा मोठं पाप, असं घरातली लहान पोरंसुद्धा जाणत. बाबांचा शब्द अख्ख्या धान्यबाजारात चाले, पण जिजीच्या नियमापुढे तेही गप्प बसत. पोरीच्या जातीला घरात जर कुठली किल्ली सापडू शकते तर ती हीच, हे माझ्या लक्षात यायला सतरा वर्षं लागली.

आता फुटबॉल कुठून आला ते सांगते. मी मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाले. ऑक्टोबरात पुन्हा बसून कशीबशी निघाले, तेही काठावर. बाबांचे धाकटे भाऊ नेमूकाका यांना हा घराण्याचा अपमान वाटला. काका इंग्रजीचे वेडे. दुकानात पोत्यावर बसूनसुद्धा इंग्रजी पेपर वाचायचे आणि गिऱ्हाईक आलं की नाराज व्हायचे. त्यांनी बैठकीतला मोठा रेडिओ माझ्या शिक्षणासाठी ताब्यात घेतला. तो रेडिओ बाबांनी कापसाचे भाव ऐकायला आणला होता, त्याच्यावर आईनं विणलेला पांढरा रुमाल असे, आणि तो तापायला वेळ घ्यायचा. रविवारी सकाळी मंदिरातून आल्यावर काका लंडन स्टेशन लावत आणि मला म्हणत, ‘लिही.’ बातम्यांतलं मला ओ की ठो कळत नसे. पण बातम्यांनंतर खेळांचं सांगत, त्यात नावं आणि आकडे असत, आणि ते मला पहिल्या दिवसापासून कळलं. नापास पोरीला जे पहिल्यांदा कळतं त्याच्यावर तिचा जीव जडतो.

काकांनी मला त्या खेळाची व्यवस्था समजावली. तिकडे संघांचे वर्ग असतात. वरच्या वर्गात बावीस संघ. वर्षभर प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या घरी, एकदा त्याच्या. वर्षाच्या शेवटी खालच्या तिघांना खालच्या वर्गात ढकलतात आणि खालच्या वर्गातले पहिले तीन वर येतात. मी बारावीला गेले त्या वर्षी वर आलेल्यांत तिसरा, म्हणजे अगदी काठावर निघालेला, एक संघ होता. त्याच्या नावात जंगल होतं, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव पडलं जंगलवाले. पूर्ण नाव जाणणाऱ्यांनी जाणून घ्यावं. मला ते याच नावानं सख्खे वाटतात. रेडिओवरचा जाणता माणूस पहिल्याच आठवड्यात म्हणाला की हे लोक आले तसे परत जातील. मी लिहिणं थांबवलं. माझ्याबद्दल आमच्या शाळेच्या बाईही अगदी हेच म्हणाल्या होत्या. ‘अकरावीले सायन्स घेऊन राह्यली? पोट्टे, तू काठावरची हायस, टिकशील का?’ मी काकांना म्हटलं, ‘काका, हे माझे.’

आणि माझे लागोपाठ जिंकायला लागले. त्यांचा मॅनेजर मोठ्या ठसक्यात बोलायचा, असं काका सांगत. बड्याबड्यांना तो जुमानत नसे. मी त्याची नक्कल करून भाकरी थापताना आईला काहीबाही सुनवायची. आई म्हणायची, ‘सासरी जाऊन असंच बोलशील का व?’ आणि तिथं माझं तोंड बंद व्हायचं. कारण सासर ही आता गमतीची गोष्ट राहिली नव्हती. मी बारावीत होते. आमच्याच बाजूच्या मालेगावच्या एका किराणा व्यापाऱ्याकडून स्थळ आलं होतं. माणसं चांगली, दुकान भरलेलं, मुलगा निर्व्यसनी. चातुर्मास उठला की ते येणार, मुलगी पाहणार, पसंत पडली तर तिथंच साखर हातावर ठेवून तोंड गोड करणार, असं ठरलेलं. मला अमरावतीला जायचं होतं. कॉलेज, हॉस्टेल, बी.एस्सी. आमच्या गल्लीतली एकही मुलगी तोवर शिकायला गावाबाहेर गेली नव्हती. मी एकदा बाबांसमोर विषय काढला तर ते चष्मा पुसत म्हणाले, ‘कारंज्यात काय कमी हाय?’ कारंज्यात काहीच कमी नव्हतं. फक्त कॉलेजात मला हवं ते नव्हतं आणि घरात माझं मत नव्हतं.

भाद्रपदात, आमच्या दहा दिवसांच्या दशलक्षण पर्वाच्या तोंडावर, जंगलवाले सपाटून हरले. राजधानीतल्या एका बड्या संघानं त्यांना तीन गोल घातले आणि यांना एकही करता आला नाही. रेडिओवरच्या जाणत्याच्या आवाजात असा आनंद होता की मला त्याचा गळा धरावासा वाटला. तो म्हणाला, झालं, आता पाय जमिनीवर आले. पहिला नंबर या लोकांच्या बापजन्मी आलेला नाही आणि येणारही नाही. ते खरंच होतं, त्या संघानं वरच्या वर्गात पहिला नंबर कधी पाहिलाच नव्हता. दिवसभर मी धुसफुसत होते. आणि संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला, जेवणानंतरच्या त्या रिकाम्या वेळात, मला एकदम सगळं सुचलं.

त्या वर्षी आमच्या मंदिरात एका माताजींचा, म्हणजे साध्वींचा, चातुर्मासाचा मुक्काम होता. पर्वाच्या शेवटच्या दिवशी मंदिरात बायका एकेक उठून नियम घेत होत्या. मी उठले. माझ्या वयाच्या मुली सहसा उठत नाहीत, त्यामुळे सगळ्या वळून पाहायला लागल्या. मी हात जोडून म्हटलं, ‘मी गोड सोडते.’ माताजींनी विचारलं, ‘किती दिवस?’ मी म्हटलं, ‘एक गोष्ट मनात आहे. ती होईपर्यंत.’ त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, ‘मनातली मनात राहू दे. पण झाली की लपवायची नाही. झाल्यावर पुढं ओढलेला नियम हा नियम नसतो, ती सोय असते.’ मी हो म्हटलं. हो म्हणायला माझं काय जात होतं? मी मनात धरलं होतं की वर्षाच्या शेवटी जंगलवाले पहिले येईपर्यंत, आणि ते येणार नव्हतेच. गोड तोंडात जाणार नाही, म्हणजे साखर हातावर घेता येणार नाही, म्हणजे मालेगाव नाही. मला स्वतःच्या हुशारीचा इतका अभिमान वाटला की घरी येताना मी हसत होते. जिजीला वाटलं, पोरीला धर्माचा आनंद झाला. तिनं गल्लीभर सांगितलं.

नियम पाळणं सोपं नव्हतं. बिनसाखरेचा चहा पहिले काही दिवस औषधासारखा लागला. पुढे असा आवडला की आजही मी तोच पिते आणि डॉक्टर माझं कौतुक करतात. दिवाळीत करंज्या लाटल्या मीच, तळल्या मीच, आणि खाल्ली एकही नाही. संक्रांतीचा तिळगूळ लोक हातावर ठेवत तो मी एका डब्यात टाकत गेले. उन्हाळ्याच्या तोंडाला पहिले आंबे आले तेव्हा मोठा पेच पडला, आंबा गोड की नाही? जिजीनं खटला ऐकला आणि निकाल दिला, ‘झाडानं केलेलं गोड चालते. माणसानं केलेलं नाही चालत.’ या निकालाला आधार काय, असं विचारायची कुणाची छाती नव्हती. मी आंबे खाल्ले.

पण हुशारीचे बारा वाजायला आधीच सुरुवात झाली होती. त्या तीन गोलांनंतर जंगलवाले चवताळले. नवरात्र संपता संपता काका रेडिओला कान लावून ओरडले, ‘पद्मा, पहिले!’ मी म्हटलं, ‘कोण?’ ‘तुझे जंगलवाले, दुसरे कोण? यादीत सगळ्यात वर!’ मला एवढा आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या वाजवता वाजवता मला माझा नियम आठवला. काकांना मी नियमातली गोष्ट तेव्हाच सांगितली. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाले, ‘अजून लय दिवस हायेत. दमतील. नवे लोक दमतातच.’ हे त्यांनी मला धीर द्यायला म्हटलं, आणि मला त्यांचाच राग आला. माझे दमतील असं कुणी म्हटलेलं मला चालत नव्हतं, माझ्या भल्यासाठीसुद्धा. दिवाळीनंतर ते एकदा हरले. मी सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. मी त्या दिवशी जेवले नाही.

मालेगावची मंडळी आली ती थंडी चांगली पडल्यावर. मुलाचे आईवडील आणि मुलगा. बैठकीत सतरंजी, पितळी तांबे, बिनकांद्याचे पोहे. मला चार प्रश्न विचारले, मी चार उत्तरं दिली. मुलगा खाली मान घालून आपल्या बोटांकडे पाहत होता. बिचारा मलाच दया यावी असा. मुलाच्या आईनं आमच्या आईकडे पाहून मान हलवली, पिशवीतून साखरेची पुडी काढली आणि चिमूटभर माझ्यापुढे धरली. ‘घे बेटा, तोंड गोड कर.’ मी हात मांडीवर घट्ट मिटून बसले. बाबा म्हणाले, ‘घे ना व.’ तेवढ्यात दारातून जिजी म्हणाली, ‘तिले गोड चालत नाही. नियम हाय तिचा.’

‘असं? कवापर्यंत?’ मुलाच्या आईनं विचारलं.

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. काही खोटं रचता आलं असतं. पण मला त्या मिटलेल्या मुठीतच कसलासा जोर आला होता. मी म्हटलं, ‘जंगलवाले पहिले येईस्तोवर.’

‘कोनचे जंगलवाले? पोहरादेवीकडचे?’

‘विलायतेतले,’ नेमूकाका भिंतीकडे पाहत म्हणाले. ‘फुटबॉल खेळतात.’

बाहेर गाडीच्या बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली. बाबांचे कान लाल झाले. मुलाचे वडील म्हणाले, ‘म्हंजे पोरीनं चेंडूवर नियम घेतला?’ जिजी पदर खोचून पुढे आली. तिला हे सगळं त्याच क्षणी कळत होतं, आणि तिचा चेहरा पाहण्यासारखा होता, पण ती मागं हटली नाही. ‘कशावर बी घेतला असन. माताजीच्या म्होरं घेतला. आमच्या घरात नियम मोडत नाही.’ आणि मग, माझं दुर्दैव, मुलाच्या आईचे डोळे भरून आले. ती बाई माझ्यापेक्षा खरी होती. तिनं साखर परत पुडीत टाकली. म्हणाली, ‘बरोबर हाय. नियम मोडून आणलेली सून मले नको. अशी पोरगी आजकाल भेटते का? आमी थांबू.’ मुलगा पहिल्यांदाच बोलला. त्यानं काकांना विचारलं, ‘कितवे हायेत ते आता?’ काका म्हणाले, ‘आता तं पहिलेच हायेत. वर्षाच्या शेवटी बी राह्यले पायजेत.’ आणि सगळ्या बैठकीचे चेहरे उजळले. माझा सोडून.

लोक गेल्यावर बाबा मला रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. पुढच्या रविवारी सकाळी ते दुकानात न जाता रेडिओपुढे येऊन बसले. ‘काय म्हणतात तुहे जंगलवाले?’ त्यांना पोरीचं लग्न व्हायला हवं होतं, त्यासाठी जंगलवाले जिंकायला हवे होते. म्हणजे धान्याच्या अडतीतला माझा बाप विलायतेतल्या संघाच्या बाजूनं झाला. मी त्यांच्या बाजूनं होते कारण ते माझे होते, आणि ते जिंकले की माझं लग्न ठरणार होतं. एकाच रेडिओपुढे बापलेक बसायचे, दोघंही एकाच संघासाठी देव पाण्यात ठेवून, आणि एकमेकांच्या विरुद्ध. असा तमाशा दुसऱ्या कुणाच्या घरी झाला असेल असं मला वाटत नाही. त्या हिवाळ्यात आपले लोक तिकडच्या सगळ्यात नावाजलेल्या संघाच्या घरी गेले आणि तिथं चार गोल मारून आले. बाबांनी मांडीवर थाप मारली. ‘चार? त्यायच्याच घरी?’ मग माझ्याकडे पाहून जरा ओशाळून म्हणाले, ‘खेळ वाईट नाही हा.’ मालेगावहून कुणी ना कुणी बाजाराला आलं की निरोप असायचा, बाई विचारून राह्यल्या, जंगलवाले कसे हायेत.

मी रात्रंदिवस अभ्यास केला असं लिहायला आवडेल, पण केला तो दिवसाच. परीक्षा चांगली गेली. रसायनशास्त्राच्या पेपरात शेवटचं उत्तर लिहिताना मला वाटून गेलं की मी काठावरची राहिलेली नाही. मग ती जाणीव घेऊन घरी बसणं आणखी अवघड झालं. उन्हाळा तापला. आई गच्चीवर सांडगे घालायची, मी राखण करायची, आणि डोक्यात तेच. ते हरले तर मी सुटते. आणि ते हरावेत असं मला एकदाही वाटलं नाही. हे मी आज मिरवते आहे असं समजा. मिरवतेच आहे. दिवाळीनंतरच्या त्या हरण्यानंतर ते हरलेच नव्हते. सगळा देश ते पडायची वाट पाहत होता आणि ते पडत नव्हते. अशांना मी माझ्या सोयीसाठी पडा म्हणू?

काका एका मित्राच्या लग्नाला अकोल्याला गेले त्या आधी मला म्हणाले, ‘आता त्यायले जिंकायची बी गरज नाही. या शनिवारी नुसती बरोबरी झाली तरी पुरे. मंग कोणीच गाठू शकत नाही.’ हे त्यांनी फक्त मला सांगितलं. रविवारी सकाळी बैठकीत मी आणि बाबा. आई आत ताक घुसळत होती, तो आवाज येत होता. जिजी दारात माळ घेऊन बसलेली. रेडिओ तापला, खरखरला, मग तो ओळखीचा आवाज आला. जंगलवाले परक्या मैदानावर खेळले. त्यांच्या गोलकीपरनं काय काय अडवलं ते तो माणूस सांगत होता आणि त्याच्या आवाजात या वेळी कुचेष्टा नव्हती. शून्य, शून्य. बाबांना इंग्रजी येत नसे पण एवढ्या महिन्यांत शून्याला काय म्हणतात ते ते शिकले होते. त्यांनी पाठ मागे टेकवली. ‘म्हंजे कोणीच गोल नाही केला. नाही जिंकले मंग.’ ‘अजून किती सामने राह्यले?’ त्यांनी विचारलं.

एवढंच करायचं होतं. काहीही न बोलणं. काका परत येईपर्यंत, आणि काकांना मी फितवलं असतंच. मालेगावची बाई आणखी थांबली असती, नाही तर कंटाळून दुसरीकडे गेली असती. तिकडे त्या माणसाचा आवाज पुढच्या बातमीकडे वळला, आणि मला एकदम भयंकर राग आला. त्या लोकांनी वर्षभर सगळ्यांच्या नाकावर टिच्चून पहिला नंबर आणला, आणि कारंज्यात तो मी दाबून ठेवणार? का, तर मला दोन शब्द तोंडानं बोलायची भीती वाटते म्हणून? मी वर्षभर दुसऱ्यांच्या पायांमागे लपले होते. माताजींचं वाक्य आठवलं की नाही ते आता नक्की सांगता येत नाही. राग मात्र आठवतो.

‘बाबा, आले ते,’ मी म्हटलं. ‘पहिले आले. बरोबरी पुरत होती.’

बाबांना कळायला वेळ लागला. मग ते उठून उभेच राहिले. ‘खरं?’ आतलं ताक थांबलं. ‘अवं ऐकलं का, पहिले आले!’ त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला पुढचं बोलणं जड जावं. जिजीनं काही विचारलं नाही. ती आत गेली, डब्यातून गुळाचा खडा आणला आणि माझ्या हातावर ठेवला. मी देवाकडे पाहून तो तोंडात टाकला. इतक्या महिन्यांनी गूळ असा लागला की डोळ्यांत पाणी आलं. घरच्यांना वाटलं भक्तीनं. बाबा चपला शोधत होते. ‘मालेगावले निरोप धाडतो आजच.’

‘धाडा,’ मी म्हटलं. गूळ गालात होता, शब्द नीट निघत नव्हते. ‘पण नाही म्हणून धाडा. मले आता लग्न नाही करायचं. मले अमरावतीले जायचं हाय.’

‘अन् हा नियम?’

‘नियम सुटला. आता नियम नाही, आता मीच नाही म्हणून राह्यली.’

बाबांचा राग मी त्या दिवशी पाहिला. त्यांनी चप्पल भिंतीवर फेकली, माझ्यावर नाही. लोकांना काय तोंड दाखवू, थांबवून ठेवलं त्या माणसांना, काहून हा खेळ केला, असं बरंच. त्यातलं सगळं खरं होतं आणि मी एकही शब्द खोडला नाही. फक्त विचारलं की नाही म्हणत राहिले. आई दारात येऊन उभी राहिली, हात ताकानं भरलेले, आणि ती मध्ये पडली नाही, आतही गेली नाही. शेवटी जिजी बोलली. तिनं माळ खाली ठेवली, हे तिच्या बाबतीत क्वचितच घडे, आणि ती बाबांकडे वळली.

‘माणिक, खाली बस. तुले इंग्रजी येते का?’

‘नाही.’

‘मले बी येत नाही. नेमू अकोल्याले. ही पोट्टी नाही जिंकले म्हणाली असती तं तुले कळलं असतं? तू उठून दुकानात गेला असता. हिनं स्वतःच्या तोंडानं खरं सांगितलं, स्वतःच्या मुळावर येईन म्हणून माहीत असून सांगितलं. जिचं हो तुले खरं वाटलं, तिचं नाही बी खरंच धर.’ मग तिनं पुन्हा माळ उचलली आणि जरा वेळानं, कुणाकडेही न पाहता म्हणाली, ‘मले कोणी कवाच काही विचारलं नव्हतं.’

मालेगावला निरोप घेऊन बाबा स्वतः गेले, एस.टी.नं, दुसऱ्याच दिवशी. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्या बाईंनी त्यांना जेवल्याशिवाय येऊ दिलं नाही, एवढं मात्र कळलं. निकालानंतर, आषाढात, कारंज्याच्या स्टँडवर त्यांनी माझी पेटी अमरावतीच्या गाडीच्या टपावर चढवली. तोवर ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. गाडी सुरू झाली तसे खिडकीजवळ आले, गजाला धरून दोन पावलं चालले आणि म्हणाले, ‘मंग आता रविवारी मले कोण सांगन?’ मी म्हटलं, काका आहेत ना. ‘तो अर्ध सांगते,’ बाबा म्हणाले, आणि गाडी पुढे गेली.

म्हणून हॉस्टेलमधून मी आठवड्याला एक पोस्टकार्ड टाकत गेले. तिथं रखवालदाराकडे एक ट्रान्झिस्टर होता. त्यांचं वरच्या वर्गातलं दुसरं वर्ष लागलं तरी जंगलवाले हरेनात. बाबांचं उत्तर कधी येत नसे, पण काका लिहीत की कार्ड दुकानात गल्ल्याजवळ ठेवलेलं असतं आणि अडतीवर आलेल्या शेतकऱ्यालाही ते वाचून दाखवलं जातं. मग हिवाळ्यात एकदा, वर्षाहून जास्त काळानंतर, ते हरले. त्याच आठवड्यात मी पहिल्या चाचणीत भौतिकशास्त्रात नापास झाले होते. सगळे विषय इंग्रजीत, आणि वर्गातल्या शहरी मुली माझ्याकडे बघून हसत. मी एकाच कार्डावर दोन्ही लिहिलं, ते हरले आणि मी नापास, आणि कार्ड टाकून आल्यावर पेटी भरायला घेतली.

बाबांचं उत्तर आलं. त्यांच्या हातचं मला आलेलं ते पहिलंच. अडतीतल्या हिशेबासारखं, आडवंतिडवं, मोठ्या अक्षरात. ‘हरले तं हरले. खाली तं नाही आले ना? तू बी येऊ नको.’

मी पेटी रिकामी केली.